हळद्या गोधडीवर का करतो?

वाचकांचे प्रश्न, पशुवैद्यांची उत्तरं

प्रश्न : डॉक्टर, स. न. वि. वि. मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका. २०१९ च्या पुरात आमच्या गावभागातल्या वाड्यात माडीच्या पायऱ्यांपर्यंत पाणी आलं, २०२१ ला परत तेच. शेवटी गेल्या दिवाळीत वाडा सोडला आणि विश्रामबागेत तिसऱ्या मजल्यावर राहायला आलो. बरोबर आमचा बोका आहे, हळद्या. वय चार वर्षं, नसबंदी झालेली आहे. वाड्यात तो मागच्या परड्यात माती उकरून सगळं करायचा, घरात कधी थेंब सांडला नाही. इथे मुलानं झाकणाचा ट्रे आणि लव्हेंडरच्या वासाची वाळू ऑनलाइन मागवून दिली. ट्रे बाथरूमच्या बाहेर, वॉशिंग मशीनशेजारी ठेवला आहे. चार-पाच महिने कसंबसं चाललं. पण आता दीड महिना तो गोधडीवर, पायपुसण्यावर, एकदा तर इस्त्रीच्या कपड्यांच्या ढिगावर लघवी करतो. दिवसातून सात-आठ वेळा ट्रेभोवती घुटमळतो, आत एक पाय घालतो आणि परत फिरतो. बसला तरी थोडंसंच होतं. मागच्या आठवड्यात पांढऱ्या चादरीवर फिकट गुलाबी डाग दिसला, मला वाटलं दुसऱ्या कपड्याचा रंग लागला असेल. मी रोज काळं फिनेल टाकून पुसते, तरी तो त्याच जागी जातो. आमचे हे म्हणतात, वाड्यातून आणलं म्हणून सूड उगवतोय. त्यांनी दोनदा त्याचं नाक डागावर घासलं, मला बघवलं नाही. त्यातच सून सातव्या महिन्यात आहे आणि तिच्या माहेरचे म्हणतात, मांजरामुळे बाळाला धोका असतो. येत्या रविवारी त्याला पोत्यात घालून मार्केट यार्डात सोडायचं ठरतं आहे. तिथे उंदीर भरपूर, उपाशी मरणार नाही म्हणे. मी काय करू?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : बाई, तुमचं पत्र माझ्या हातात पडलं बुधवारी संध्याकाळी. गुलाबी डागाच्या ओळीपाशी मी थांबले, आणि पुढचं वाचायच्या आधी मासिकाच्या कचेरीतून तुमचा नंबर मिळवून फोन लावला. नंतर काय झालं ते तुम्हाला ठाऊकच आहे. तरी सगळं इथे लिहिते आहे, कारण अशी पत्रं महिन्याला दोन-तीन तरी येतात आणि बहुतेकांत तो डाग असाच एका ओळीत, जाता जाता आलेला असतो.

फोनवर मी ट्रेचं काहीच विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, की आज लघवी झाली का आणि किती. तुमच्या यजमानांनी, म्हणजे सरांनी, गोधडीवर हात फिरवून सांगितलं, वाटीच्या बुडाएवढं ओलं आहे. म्हणजे थोडी का होईना, होत होती. तरीही त्याच रात्री आणा म्हटलं. साडेनऊला तुम्ही रिक्षातून आलात, वेताच्या टोपलीवर ओढणी बांधून.

मी एवढी घाई का केली ते सांगते. बोक्याचा मूत्रमार्ग लांब असतो आणि टोकाशी फार बारीक. लघवीतला खडा, वाळूसारखे कण किंवा सुजेमुळे सुटलेला चिकट लगदा तिथे अडकला की बूच बसतं. लघवी पूर्ण तुंबते, मूत्रपिंडांचं काम थांबतं, रक्तातलं पोटॅशियम वाढत जातं आणि त्यानं हृदय बंद पडतं. पुरता तुंबलेला बोका एक-दोन दिवसांत दगावतो. मांजरीचा मूत्रमार्ग आखूड आणि रुंद असल्यानं तिच्यात हे क्वचितच होतं.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मिरजेला एका गाळ्यात माझा दवाखाना होता. जनावरं मुख्यतः गाई-म्हशी, मांजर महिन्यातून एखादं. पावसाळ्यात एका रात्री तासगावच्या बाजूनं फोन आला. बोका सारखा कोपऱ्यात बसून कुंथतोय, कण्हतोय, शी अडकली असावी, एरंडेल देऊ का? मी म्हटलं, एरंडेल नको, सकाळी घेऊन या. लघवी होते का, हे मी विचारलं नाही. सकाळी दुचाकीवरून पिशवीत घालून आणला तेव्हा अंग गार पडलं होतं. पोटावर हात ठेवला तर मूत्राशय मोसंब्याएवढं, दगडासारखं कडक लागलं. पंधरा मिनिटांत तो माझ्या टेबलावरच गेला. चूक माझी होती. एक प्रश्न विचारायचा राहिला होता. तेव्हापासून ‘मांजर बाहेर करतंय’ किंवा ‘कुंथतंय’ हे शब्द आले की मी आधी तोच प्रश्न विचारते, मग रात्रीचे कितीही वाजलेले असोत. वाचकांनी एवढं जरूर लक्षात ठेवावं : बोका सारखा बसतो आहे, ओरडतो आहे, मूत्रमार्गाची जागा चाटतो आहे, ओकतो आहे आणि लघवीचा थेंब येत नाही, तर सकाळची वाट बघू नका. घरातली पॅरासिटॅमॉलची गोळी तर चुकूनसुद्धा देऊ नका. मांजराच्या यकृताला ती पचवता येत नाही, एका गोळीनंही मांजर मरतं.

हळद्याचं मूत्राशय हाताला लिंबाएवढं आणि मऊ लागलं. हायसं वाटलं. पण पोटावर जरा दाब पडला की तो कान मागे टाकून पाय आखडून घेत होता, म्हणजे दुखत होतं. लघवी तपासली तर त्यात रक्त, आणि ती खूप घट्ट. दुसऱ्या दिवशी सोनोग्राफीत खडा दिसला नाही, फक्त मूत्राशयाची भिंत सुजून जाड झालेली दिसली. लघवीत जंतू वाढले नाहीत. दहा वर्षांच्या आतल्या मांजरांना असा त्रास होतो तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा हेच निघतं : खडा नाही, जंतू नाही, मूत्राशय मात्र सुजलेलं. त्यामागे ताणाचा मोठा हात असतो. म्हणूनच मी अँटिबायोटिक दिलं नाही, दुखणं थांबवायचं औषध दिलं. एरवी लोक दुकानातून अँटिबायोटिक आणून घालतात, पाच-सात दिवसांत त्रास आपोआप ओसरतो आणि वाटतं गोळीनं गुण आला. महिन्याभरात तो परत उलटतो, कारण ज्यामुळे झाला ते जागच्या जागी असतं.

आता सूडाचं. सर, हे तुमच्यासाठी लिहिते, राग मानू नका. मांजराला लघवी करताना कळ आली तर तो ती कळ ट्रेशी जोडतो. या डब्यात बसलं की दुखतं, एवढंच त्याला कळतं. मग तो दुखणार नाही अशी जागा शोधत फिरतो आणि मऊ, उबदार, उकरता येणारी जागा म्हणजे तुमची गोधडी. वाड्यातून आणल्याचा हिशेब चुकता करायला तो तिथे बसत नाही. आणि डागावर नाक घासलं की ‘इथे करू नये’ हे त्याला कळत नाही, ‘हा माणूस आला की धोका’ एवढं कळतं. धास्तावलेल्या मांजराचं मूत्राशय आणखी दुखतं. हळद्या परवा टेबलावर असताना सर त्याच्या मानेखाली बोट फिरवत होते आणि त्यानं डोळे मिटून घेतले होते. तो अजून तुमच्यावर विश्वास टाकतो आहे.

दुखणं कमी झाल्यावर ट्रेकडे वळायचं. गुरुवारी दुपारी मी घरी येऊन ट्रे पाहिला. नवीन आणि स्वच्छ होता, पण हळद्याच्या बाजूनं विचार करा. वाड्यातल्या परड्यात त्याच्यापाशी अख्खी बाग होती. मोकळी हवा, भुसभुशीत माती, चारही बाजूंना पळायला वाट, आणि एकदा उकरलेल्या जागी परत जायची गरज नाही. इथे मिळालं एक झाकणाचं खोकं. आत वळायला जागा नाही, बाहेर कोण उभं आहे ते दिसत नाही, स्वतःच्याच लघवीचा वास आत कोंडलेला आणि त्यावर लव्हेंडर. आपल्याला सुवास वाटतो तो त्याच्या नाकाला बोचतो. आणि शेजारी वॉशिंग मशीन. तुमच्याकडे मी चहा घेत असताना ते कपडे पिळायला लागलं, तेव्हा ट्रे फरशीवर थरथरत होता. हळद्या दारात उभा राहून ते बघत होता, पुढचा एक पाय उचललेला. पुढे मात्र गेला नाही.

झाकण त्याच दिवशी काढलं. पण ट्रेच लहान आहे. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मांजराची जेवढी लांबी, त्याच्या दीडपट ट्रे हवा; हळद्यासारख्या दांडग्या बोक्याला दोन फूट तरी लागतोच. दुकानात या मापाचे ट्रे फार मिळत नाहीत. मी लोकांना कपडे ठेवायचा मोठा प्लास्टिकचा डबा घेऊन त्याची एक बाजू चार-पाच इंचांवर कापायला सांगते. कापलेली कड पॉलिश पेपरनं घासा, पोट खरचटता कामा नये. गवंड्याचं मोठं घमेलंही चालतं. घरात जितकी मांजरं त्याहून एक ट्रे जास्त, असा साधा हिशेब आहे. म्हणून हळद्याला दोन हवेत, आणि शेजारी-शेजारी नव्हे. एक मागच्या गॅलरीत, पाऊस आत येत नाही त्या कोपऱ्यात. दुसरा त्याच्या झोपायच्या खोलीत. जेवणाच्या वाटीजवळ नको.

वाळूबद्दल लोक फार प्रश्न विचारतात, म्हणून थोडं सविस्तर. आपल्या घरातल्या मांजराचे पूर्वज आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या कोरड्या मुलखातली रानमांजरं. पायाखाली बारीक, मऊ, उकरता येणारं काहीतरी असावं ही आवड तिथूनच आलेली. बहुतेक मांजरांना बारीक दाण्याची, बिनवासाची, ओली झाली की गोळा होणारी वाळू आवडते. ती बेंटोनाइट मातीची असते. ही माती कच्छमध्ये खणून काढतात, त्यामुळे परदेशी पाकीट घ्यायलाच हवं असं नाही. परवडत नसेल तर नदीची वाळू मैद्याच्या नाही पण रव्याच्या चाळणीनं चाळा, धुऊन कडक उन्हात वाळवा. लाकडाचा भुसा काही मांजरांना चालतो, काहींना अजिबात नाही. हळद्याला काय चालतं हे त्यालाच विचारायचं. दोन ट्रे चार दिवस शेजारी ठेवा, एकात दुकानाची बिनवासाची वाळू आणि दुसऱ्यात परड्यातली चाळलेली, उन्हात वाळवलेली माती. जिथे जास्त वेळा गोळे सापडतील ते त्याचं उत्तर. मग ट्रे आपापल्या जागी हलवा. थर दोन-तीन बोटांचा पुरे. सकाळ-संध्याकाळ गोळे काढा. आठवड्याला ट्रे साध्या साबणानं धुवा आणि वाळू पूर्ण बदला.

काळं फिनेल आजपासून बंद. त्यातली फिनॉलच्या जातीची द्रव्यं मांजराच्या यकृताला निकामी करता येत नाहीत. पुसलेल्या फरशीवरून मांजर चालतं, मग पंजे चाटतं, आणि ते थोडं थोडं पोटात जातं. डेटॉलचंही तेच. शिवाय मांजराच्या नाकाला फिनेलखालचा लघवीचा वास येतच राहतो, त्यामुळे तो त्याच जागी परत येतो. आपण वास झाकतो, काढत नाही. डाग ताजा असेल तर घासू नका, जुन्या सुती कापडानं टिपून घ्या. मग गार पाणी, मग एन्झाइम असलेली कपडे धुण्याची पावडर पाण्यात कालवून त्या जागेवर दहा-पंधरा मिनिटं राहू द्या, धुवा, पूर्ण वाळवा. ब्लीचिंग लघवीवर ओतू नका, त्यातून विषारी वायू निघतो. गोधडीचा कापूस आतपर्यंत भिजला असेल तर धुऊन फार उपयोग होत नाही. ती हळद्यासाठी ठेवा आणि नवी शिवून घ्या.

आणि पाणी. मांजराला तहान कमी लागते, त्यात हळद्या दिवसभर कोरडी खाद्यं खातो, ज्यात पाणी दहा टक्क्यांच्या आसपास असतं. ओल्या खाद्यात ते पंच्याहत्तर-ऐंशी टक्के असतं. लघवी पातळ झाली की सुजलेल्या मूत्राशयाला तिची झोंब कमी लागते. म्हणून कोरडं कमी करून मांजरासाठीचं ओलं खाद्य द्या, किंवा कोरड्यात कोंबडीचं कोमट पाणी घाला. त्या पाण्यात मीठ, कांदा, लसूण काही नको. कांदा-लसणानं मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवा, पसरट, आणि जेवणापासून दूर.

सूनबाईंचा प्रश्न खरा आहे, त्याला अंधश्रद्धा म्हणून झटकू नका. टोक्सोप्लाझ्मा नावाचा एक परजीवी मांजराच्या शीमधून बाहेर पडू शकतो, आणि गरोदरपणात त्याची पहिल्यांदा लागण झाली तर बाळाला धोका असतो. पण तो कसा पसरतो ते समजून घ्या. मांजर हे जंतू साधारणपणे आयुष्यात एकदाच, पहिल्या लागणीनंतर एक ते तीन आठवडे, सोडतं. तेही बाहेर पडल्याबरोबर लागत नाहीत, लागण करण्याजोगे व्हायला त्यांना एक ते पाच दिवस जातात. रोज ट्रे साफ झाला तर ती वेळच येत नाही. हळद्या आता घरात राहतो, कच्चं मांस खात नाही, शिकार करत नाही, म्हणजे त्याच्यापासूनचा धोका फारच थोडा. अर्धकच्चं मटण, न धुतलेली पालेभाजी आणि बागेतली माती यांच्यापासूनचा धोका त्याहून मोठा. ट्रे सूनबाईंनी काढू नये, सरांनी किंवा मुलानं रोज हातमोजे घालून काढावा, नंतर हात साबणानं धुवावेत. सूनबाईंनी त्यांच्या डॉक्टरांना घरात मांजर आहे हे सांगावं, हवी तर ते रक्ततपासणी करतील. हळद्याला जवळ घ्यायला, कुरवाळायला काहीच हरकत नाही.

पोत्यात घालून सोडण्याबद्दल. बाई, घरात वाढलेलं मांजर मार्केट यार्डात उंदरांवर जगत नाही. तिथले बोके त्याला फाडतात, गाड्यांखाली जातं, आणि ज्याचं मूत्राशय दुखत आहे ते तर चार दिवस टिकणार नाही. पाळलेलं जनावर असं उपाशी-तहानलेलं मरायला सोडणं हा प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धच्या १९६० च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. पण मला कायद्यापेक्षा तुमच्या पत्रातलं ‘मला बघवलं नाही’ हे जास्त महत्त्वाचं वाटलं. ते घरात मोठ्यानं सांगा.

पहिले आठ-दहा दिवस त्याला एकच खोली द्या : ट्रे, पाणी, खायला, त्याची गोधडी आणि वाड्यातलं जुनं काहीतरी, ज्याला तिथला वास आहे. दार बंद, पण दिवसातून चार वेळा कुणीतरी आत जाऊन त्याच्याजवळ बसायचं. ट्रेची सवय बसली की एकेक खोली उघडायची. पायपुसणी तेवढे दिवस उचलून ठेवा.

हे छापायला जाईपर्यंत तीन आठवडे झाले. परवा बाईंचा फोन आला. पहिल्या आठवड्यात दोनदा पायपुसण्यावर झालं, नंतर नाही. चार दिवसांच्या परीक्षेत हळद्यानं परड्यातली माती निवडली, म्हणून सर आता दर रविवारी गावभागात जाऊन सिमेंटच्या रिकाम्या पिशवीतून माती घेऊन येतात, गच्चीवर वाळत घालतात. हळूहळू त्यात दुकानाची वाळू मिसळा, दर आठवड्याला मूठ-दोन मूठ वाढवत. एकदम बदलू नका. आणि गुलाबी डाग परत दिसला तर पत्र लिहू नका, फोन करा.

प्रश्न : आमचं हळदीचं गोदाम आहे. उंदरांसाठी दोन बोके ठेवले. त्यातला थोरला आठ महिन्यांपासून पोत्यांच्या थप्पीवर उभ्या-उभ्याच लघवी मारतो. फार उग्र वास येतो, गिऱ्हाईक नाकाला रुमाल लावतं. वाळूचा ट्रे ठेवला, त्यात तो शी नीट करतो. मिरचीपूड टाकून बघितली. उपाय सांगा.
– एक हळद व्यापारी, सांगली

उत्तर : दादा, तुमच्या बोक्याला ट्रेचा राग नाही. शेपटी ताठ वर, ती थरथरते, मागचे पाय तालात हलतात आणि मागच्या मागे उभ्या पोत्यावर फवारा जातो, असंच आहे ना? हे लघवीला जाणं नव्हे, ही त्याची खूण आहे. इथे माझं राज्य, असं तो दुसऱ्या बोक्यांना सांगतो. म्हणून ट्रे बदलून काही होणार नाही. दोन्ही बोक्यांची नसबंदी करून घ्या. दहापैकी जवळजवळ नऊ बोक्यांत हे फवारणं थांबतं किंवा फार कमी होतं, बहुतेकांत काही आठवड्यांत, काहींत तीन-चार महिने लागतात. तो उग्र वास नर-हार्मोनमुळे येतो, तोही उतरतो. उंदीर धरणं मात्र थांबत नाही. तशी भीती बरेच व्यापारी बोलून दाखवतात, पण शिकारीचा नसबंदीशी संबंध नाही. पुढच्या बोक्याच्या वेळी पाच-सहा महिन्यांचा असतानाच करा, म्हणजे सवय लागतच नाही.

रात्री शटरखालच्या फटीतून बाहेरचे बोके आत येतात का बघा. येत असतील तर फळी ठोका, कारण त्यांचा वास आला की तुमचा थोरला अधिक जोरानं खुणा करणार. मिरचीपूड आजच झाडून काढा. ती पंजांना लागते आणि पंजानं तोंड पुसताना डोळ्यात जाते.

डाग शोधायला नोटा तपासायची निळी बॅटरी वापरतात, अंधारात लघवी त्या उजेडात चमकते. एकदा वसंतदादा मार्केट यार्डातल्या एका गोदामात मी ती पेटवली आणि भिंती, पोती, जमीन, माझे स्वतःचे हात, सगळं पिवळं-हिरवं चकाकायला लागलं. हळदीतलं कुर्क्युमिनही त्या उजेडात चमकतं. तेव्हा तुमच्याकडे बॅटरीचा उपयोग नाही, गुडघ्याएवढ्या उंचीवर नाकानंच शोधावं लागेल. जुनी माणसं हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीत खणलेल्या बंद खड्ड्यांत, हळद ठेवायची, तिथे बोक्याचा प्रश्नच नव्हता. तुमचा माल उघड्या थप्पीत आहे. खालच्या दोन ओळींना तात्पुरती ताडपत्री लावा, तीच धुता येईल. आणि ज्या पोत्यावर फवारा गेला आहे त्यातली हळद खाण्याच्या मालात मिसळू नका, बाजूला काढा.

तरणाताठा बोका उभ्यानं फवारता फवारता एखाद्या दिवशी बसून कुंथायला लागला, तर वरचं लांबलचक उत्तर वाचा आणि त्याच रात्री दवाखाना गाठा.

प्रश्न : आमची मांजरी चौदा वर्षांची. आयुष्यभर ट्रेमध्ये गेली, आता ट्रेच्या कडेला लागून जमिनीवरच करते. पाणीही फार पिते. म्हातारपणी बुद्धी फिरली का?
– एक वाचक, शाहूपुरी, सातारा

उत्तर : काकू, ती ट्रेजवळ जाते आहे, म्हणजे जागा तिच्या पूर्ण ध्यानात आहे. आत चढणं जमत नाही. बारा वर्षांपुढच्या बहुतेक मांजरांच्या सांध्यांत झीज असते, पण मांजर लंगडत नाही, फक्त उड्या मारायचं सोडतं. ती आता खिडकीत चढते का, की खालीच बसून राहते? ट्रेची पुढची बाजू दोन इंचांपर्यंत कापा, समोर पोत्याचा तुकडा अंथरा म्हणजे फरशीवर पाय घसरणार नाही, आणि रात्री तिथे एक लहान दिवा राहू द्या. साताऱ्याच्या पावसाळी गारठ्यात तिला निजायला पोटाखाली उबदार काहीतरी द्या.

पाणी जास्त पिणं मात्र या आठवड्यातच दाखवा. मूत्रपिंडं थकली असतील, साखर असेल किंवा थायरॉइड वाढलं असेल. तिन्ही रक्त-लघवीच्या तपासणीत कळतात आणि तिन्हींवर उपचार आहेत. रक्तदाबही मोजायला सांगा. तपासणी होईपर्यंत पाणी तोडू नका, लोक ते करतात आणि त्यानंच जनावर खचतं. तुमच्याकडे सोय नसेल तर शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्या. मी तिथेच शिकले. जाताना आदल्या दिवशी ती किती पाणी प्यायली ते मापून, वहीत लिहून न्या. सकाळी भांड्यात मोजून भरायचं आणि दुसऱ्या सकाळी उरलेलं वजा करायचं. दर किलो वजनामागे दिवसाला शंभर मिलीच्या वर गेलं असेल, तर तो आकडा डॉक्टरांना सगळ्यात आधी सांगा.